पुन्हा मोजा म्हणण्यात अपमान कसला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला काहीतरी बोला, असा निरोप कार्यवाहबाईंनी धाडला तेव्हा मी म्हटले, माझ्याजवळ ना पाककृती, ना आरोग्याच्या चार गोष्टी. मी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. सारा जन्म हजेरी मांडण्यात आणि बेरजा तपासण्यात गेला. त्या म्हणाल्या, “मग बेरजेवरच बोला.” म्हणून आज मी मोजणीवर बोलणार आहे. मते मोजण्यावर, आणि मोजलेली मते पुन्हा मोजण्यावर. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्या मंडळाचा संसार तीन वर्षांपूर्वी याच विषयावरून मोडता मोडता राहिला, हे आपण सर्वजणी जाणताच. त्या प्रसंगात चूक माझी होती. ती आज सर्वांसमक्ष सांगावी, असे बरेच दिवस मनात होते. ज्या दोघींचा त्यात संबंध आला त्या समोरच बसल्या आहेत आणि दोघींची मी आधी परवानगी घेतली आहे.

झाले असे. चिटणीसपदासाठी दोघी उभ्या होत्या. मतदान चिठ्ठ्यांनी झाले. मोजणी मजकडे दिली, कारण बाई हिशेबाच्या पक्क्या असा माझा लौकिक. वहीत सह्या ११८ होत्या. मी मोजले तेव्हा एकीला ५९, दुसरीला ५७ आणि कोरी चिठ्ठी एक, अशा ११७ चिठ्ठ्या भरल्या. एक कमी. मी मनाशी म्हटले, कोणीतरी सही करून चिठ्ठी पिशवीतच ठेवून घरी गेली असेल. निकाल दोन मतांचा होता, एका चिठ्ठीने काय बिघडणार? मी निकाल जाहीर करून मोकळी झाले.

ज्यांचा पराभव झाला त्या उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “बाई, सह्या एकशे अठरा आणि चिठ्ठ्या एकशे सतरा कशा? एकदा पुन्हा मोजता का?”

भगिनींनो, त्या वेळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला! पस्तीस वर्षे मुलांना गणित शिकवले आणि आता माझ्या मोजणीवर संशय? मी तडक म्हणाले, “माझ्यावर विश्वास नसेल तर दुसऱ्या कोणाला बोलवा.” आणि चपला पायांत सरकवून घरी निघून आले.

पुढचे पंधरा दिवस आपण कसे काढले ते आठवते ना? हळदीकुंकवाला अर्ध्याजणी आल्या नाहीत. जिन्यात समोरासमोर आल्या तर माना वळू लागल्या. दोन घरच्या सुनांचे एकमेकींच्या मुलांना शाळेतून आणणे बंद झाले. कोणी सुचवले, “त्या चिठ्ठ्या फाडून टाका, म्हणजे वाद मिटेल.” देवाची कृपा म्हणून आपल्या खजिनदारबाईंनी ते ऐकले नाही. त्यांनी चिठ्ठ्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात घालून डब्याला चिकटपट्टी लावली होती आणि पट्टीवर तिघींच्या सह्या घेतल्या होत्या.

सोळाव्या दिवशी डबा उघडला. या वेळी मी नुसती पाहत बसले, मोजणी दुसऱ्या दोघींनी केली. मोजता मोजता एका चिठ्ठीच्या घडीत दुसरी चिठ्ठी सापडली. मतदानाच्या आधी आपण चिवडा वाटला होता. तेलाच्या हाताने दोन चिठ्ठ्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. ती चिठ्ठी पराभूत उमेदवाराच्या नावाची निघाली. निकाल ५९ आणि ५८ झाला. निवडून आलेल्या बाई त्याच राहिल्या. पण ज्यांनी मोजणी मागितली होती त्या उठल्या, विजयी बाईंच्या हातात हात देऊन म्हणाल्या, “आता माझं समाधान झालं. आता मी मनापासून हरले.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. जिंकलेल्या माणसाला मोजणीची फारशी गरज नसते, पहिला निकाल त्याला पटलेलाच असतो. ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याला तो पटला पाहिजे, आणि त्यासाठी डबा जपून ठेवावा लागतो. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे. आता हीच गोष्ट जरा मोठ्या अंगणात नेऊन पाहू.

आपल्या देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. त्या वेळी मतपत्रिकेवर खूण करायची नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना ते सोपे गेले. पण एक उणीव राहिली. कागद पेटीबाहेर आला की तो मुका. तो कोणाला दिलेला होता हे कागद पाहून कळायचे नाही. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून एकच पेटी आणि मतपत्रिकेवर शिक्का ही पद्धत आली. तेव्हापासून कागद स्वतः बोलू लागला. तो कोणीही, कितीही वेळा आणि कुठेही नेऊन मोजावा, साक्ष तीच.

अशा कागदांच्या मोजणीला मी स्वतः बसले आहे. १९९५ सालच्या विधानसभा निवडणुकीत आम्हा शिक्षकांना मोजणीचे काम लागले होते. पहाटे उठून, डबा घेऊन गेलो. टेबलावर मतपत्रिकांचा ढीग ओतला जाई. आधी नुसत्या पत्रिका मोजायच्या, पंचविसाचे गठ्ठे बांधायचे. मग त्या उमेदवारवार खणांत लावायच्या. जाळीच्या पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी डोळ्यांत तेल घालून बसलेले. थोडी शंका आली की पत्रिका बाजूला काढून निवडणूक अधिकाऱ्यांपुढे ठेवायची.

त्या दिवशी मला प्रथमच कळले की मतपत्रिकेच्या शिक्क्याची ती बाणांची फुली किती विचारपूर्वक काढली आहे. शाई ओली असताना कागद चुकीचा दुमडला की समोरच्या नावावरही ठसा उमटतो. मग खरे मत कुठले आणि डाग कुठला? ती फुली अशी आहे की दुमडून उमटलेली उलटी दिसते. आरशात उजव्या हाताचा डावा होतो तसे. सुलटी ती खरी, उलटी तो डाग. तेवढ्या युक्तीने किती मते बाद होण्यावाचून वाचली असतील!

पण सगळी वाचत नसत. माझ्या हाती एक पत्रिका आली, तिच्यावर शिक्क्याऐवजी अंगठा उमटवला होता. चिन्हाच्या अगदी मधोमध, नेमका. दिलेल्या शिक्क्याशिवाय दुसरी खूण चालत नाही, असा नियम. पत्रिका बाद झाली. अंगठा लहानखुरा होता. बाईचा असावा, असे मला उगीचच वाटत राहिले. कोण कुठली, उन्हात रांगेत उभी राहिली असेल, आणि तिचे मत आम्ही बाजूच्या पाकिटात घातले. नियमाने ते योग्यच होते. पण एक एक कागद हातात घेऊन पाहणे म्हणजे काय, हे त्या अंगठ्याने मला शिकवले.

त्याच दिवशी जाळीपलीकडचा एक तरुण मला सारखा म्हणत होता, “बाई, ती परत दाखवा.” चौथ्यांदा मी वैतागले. माझ्या शेजारी तहसिलीतले एक वयस्क कारकून बसले होते. ते हळूच म्हणाले, “दाखवा हो बाई. दाखवायला आपल्याला काही खर्च येत नाही. न दाखवल्याचा खर्च मात्र फार येतो.” मी तेव्हा ऐकले, आणि मंडळाच्या वेळी नेमके विसरले!

आता कोणी म्हणेल, बाईंना जुने ते सोने वाटते. तसे नाही. कागदाच्या दिवसांत पेट्या पळवल्या गेल्या, केंद्रे बळकावली गेली, गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून आत टाकल्याच्या कथा देशभर होत्या. हाताने मोजणारे माणूस थकते, रात्री दोन वाजता सहाचे नऊ वाचते. यंत्र थकत नाही आणि भराभर मोजते. २००४ ची लोकसभा निवडणूक साऱ्या देशात यंत्रांवर झाली त्याला अशी कारणे होती. प्रश्न इतकाच उरला, की यंत्राला पुन्हा विचारायचे कसे? यंत्राला दहादा विचारले तरी ते दहादा तेच सांगणार. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या गिरगावातील एका प्रभागात दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. फेरमोजणी झाली, आकडा तोच. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि एका लहान मुलीच्या हातून एक उचलून निकाल लावला. बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकावी हा कायदाच आहे, त्यात गैर काही नाही. पण मतदाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला कागद तिथे नव्हता, जो पुन्हा हातात घेऊन पाहता आला असता.

हा कागद पुढे लोकसभा आणि विधानसभेच्या यंत्रांना जोडला गेला. त्याला व्हीव्हीपॅट म्हणतात. आपण बटण दाबले की शेजारच्या काचेआड एक चिठ्ठी दिसते. तिच्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असते. सात सेकंद ती दिसते, मग कापली जाऊन खालच्या बंद पेटीत पडते. २०१३ साली नागालँडमधील नोकसेन येथे हा प्रयोग प्रथम झाला आणि २०१९ च्या लोकसभेला सर्व केंद्रांवर ही यंत्रे आली. आपल्यापैकी किती जणी त्या सात सेकंदांत काचेतून बघतात? हात वर करा पाहू. बघा, निम्म्याही नाहीत! पुढच्या वेळी जरूर बघा. ती चिठ्ठी म्हणजे आपली साक्षीदार आहे. साक्षीदाराचे तोंड आपणच पाहिले नाही तर ती काय साक्ष देणार?

मात्र आपल्या पनवेलकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८५२ पासून नगरपालिका असलेले आपले हे गाव १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाले. महापालिकेच्या २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीतही यंत्रे होती, पण ही चिठ्ठीची पेटी त्यांना जोडलेली नव्हती. म्हणजे दिल्लीला कोण जाणार त्याच्या मताला कागद आहे, आणि आपल्या गल्लीतल्या नळाचे पाणी कोण पाहणार त्याच्या मताला नाही.

बरे, ज्या चिठ्ठ्या आहेत त्या सगळ्या मोजतात का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ठरवून दिले, की प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या हाताने मोजाव्यात. कुठली पाच ते उमेदवारांसमक्ष चिठ्ठ्या टाकून ठरते. मग बँकेच्या रोखपालासारखी जाळी लावलेल्या खोलीत त्या चिठ्ठ्या खणांत लावतात आणि पंचविसाचे गठ्ठे बांधतात. माझ्या १९९५ च्या टेबलाची आठवण येते ना? आणि नियम असा आहे, की यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा यांत फरक निघाला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरायचा. यंत्र आणि कागद यांच्या भांडणात कायद्याने कागदाच्या बाजूने कौल दिला आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात झालेल्या आपल्या विधानसभेच्या वेळी २८८ क्षेत्रांत प्रत्येकी पाच, अशा १,४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि कुठेही फरक आढळला नाही, असे राज्याच्या निवडणूक कार्यालयाने जाहीर केले.

आपल्याकडे म्हणच आहे, शितावरून भाताची परीक्षा. सारा भात कोणी चिवडून पाहत नाही. पण आपण रांधणाऱ्या बायका आहोत, आपल्याला त्यातले मर्म ठाऊक आहे. चार माणसांच्या पातेल्यात एक शीत पुरते. लग्नाच्या हंड्यात मात्र आचारी तळातून एक, कडेचे एक, मधले एक, अशी पाहतो. आणि भात बराच कच्चा असेल तर पहिल्याच शितात कळते, पण कुठेतरी मूठभरच गाठ कच्ची राहिली असेल तर पुष्कळ शिते पाहावी लागतात.

हाच हिशेब मी यंत्रांना लावून पाहिला. समजा एका क्षेत्रात ५०० यंत्रे आहेत आणि त्यांतली निम्मी बिघडली आहेत. पाच उचलली तर शंभरात सत्त्याण्णव वेळा निदान एक तरी बिघडलेले हाती लागेल. पण बिघडलेली दहाच असतील तर? मग शंभरात नव्वद वेळा पाचही चांगलीच निघतील आणि आपण निर्धास्त होऊ. दहा यंत्रे बिघडली होती असे मी म्हणत नाही, ते म्हणण्याला माझ्यापाशी काही आधार नाही. मी फक्त शिते मोजते आहे. निकाल पन्नास हजारांचा असेल तर दहा यंत्रांनी तो उलटत नाही, पाच शिते पुरे आहेत. निकाल दोनशे मतांचा असेल तर पुरे नाहीत. आपल्या पनवेल विधानसभेची मतदारसंख्या २०२४ साली साडेसहा लाखांच्या घरात होती. हंडा एवढा मोठा, पण शिते ठरलेली पाचच.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून हीच आचाऱ्याची रीत कायद्यात बसवली आहे. निकाल जितका अटीतटीचा तितक्या जास्त मतपत्रिका उचलून हाताने तपासायच्या, आणि शंका फिटली नाही तर सगळ्या मोजायच्या. त्याच देशातील जॉर्जिया राज्यात २०२० साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची सुमारे ५० लाख मते हाताने मोजली गेली. काही ठिकाणी मोजायच्या राहून गेलेल्या मतांचे गठ्ठे त्यात सापडले, मतांचे अंतर थोडे कमी झाले, पण जिंकलेला उमेदवार तोच राहिला. आपल्या लाडवांच्या डब्यात झाले तेच तिथे झाले!

आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयापुढे सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी आली. २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपांकर दत्ता यांनी ती मान्य केली नाही. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला एक वाट दिली. निकालानंतर सात दिवसांत लेखी मागितले आणि खर्च भरला, तर क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची तपासणी होऊ शकते. गडबड सापडली तर खर्च परत. बघा, इथेही वाट दिली ती हरलेल्याला.

तुम्ही म्हणाल, दोनशे मतांचे निकाल असतात कुठे? आपल्या शेजारी मुंबईतच पाहा. ४ जून २०२४ ला मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाची मोजणी गोरेगावला झाली. पक्षांची नावे मी मुद्दाम घेत नाही, हे मंडळाचे व्यासपीठ आहे. यंत्रांवर अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ मते होती आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४. नऊ लाखांहून अधिक मतांत फरक एकाचा! मग निकाल लागला कशावर? टपालाने आलेल्या कागदी मतांवर. ती हाताने मोजली. कीर्तिकरांना १,५०१ आणि वायकरांना १,५५०. वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद ठरलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासण्यात आल्या. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. निकाल कोणाला आवडला, कोणाला नाही. परंतु यंत्रांच्या एवढ्या पसाऱ्यात शेवटी खासदार ठरला तो कोणाच्या तरी हाताने उघडलेल्या पाकिटातल्या कागदावर, एवढे आपण लक्षात घ्यावे.

कागद जपून ठेवला असला तर काय घडते याचे याहून ठळक उदाहरण चंडीगढचे आहे. ३० जानेवारी २०२४ ला तिथल्या महापौराची निवडणूक झाली. मतदार नगरसेवक आणि एक खासदार, मते अवघी ३६. मोजणाऱ्या अधिकाऱ्याने आठ मते बाद ठरवली आणि १६ विरुद्ध १२ असा निकाल दिला. तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्तींनी त्या आठ मतपत्रिका न्यायालयात मागवून आपल्या डोळ्यांनी पाहिल्या. त्यांच्यावर त्या अधिकाऱ्यानेच खुणा केल्या होत्या. आठही मते वैध ठरली, १२ चे २० झाले आणि २० फेब्रुवारीला हरलेला ठरवलेला उमेदवार महापौर झाला. कागद होते म्हणून. ते फाडले असते तर न्यायमूर्तींनी तरी काय पाहिले असते?

इथे एक भेद सांगते. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात मारकडवाडी नावाचे गाव आहे. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर तिथल्या काही गावकऱ्यांना गावातला आकडा पटेना. त्यांनी ३ डिसेंबरला कागदी मतपत्रिकांवर आपणच पुन्हा मतदान घेऊन पाहायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि गावकऱ्यांनी ते मतदान रद्द केले. माझे मत विचाराल तर, गावकऱ्यांची तळमळ मला समजते, पण रीत पटत नाही. निकाल कळल्यानंतर पुन्हा घेतलेले मत हे पहिले मत राहत नाही. आपल्यातल्या पराभूत बाईंनी “पुन्हा मत घ्या” म्हटले नव्हते, “पुन्हा मोजा” म्हटले होते. झालेल्या मताचा कागद पेटीत पडलेला असतो, पाहायचा तर तोच पाहावा. पण तो पाहण्याची वाट सोपी नसली की माणसे अवघड वाटा शोधू लागतात, हेही खरे. सोळा दिवस आपण डबा उघडला नसता तर आपल्याकडेही दुसरे मंडळ निघाले असते!

भगिनींनो, हे सगळे आपण बायकांनी का ऐकावे? पहिल्या निवडणुकीच्या वेळची एक गोष्ट सांगते. त्या वेळी देशातल्या सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. का? तर त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी घ्यायच्या नाहीत असे ठरवले. ते कठोर वाटले, पण पुढच्या वेळी बायका नावे सांगू लागल्या. आपल्या आज्यांना आधी मोजले जाण्यासाठी नाव सांगण्याचे धैर्य करावे लागले. आपल्याला एकच धैर्य करायचे आहे. शंका आली तर सौम्य शब्दांत “पुन्हा मोजा” म्हणायचे, आणि आपल्याला कोणी तसे म्हटले तर रागावायचे नाही. दुसरे अधिक कठीण आहे, हे मी अनुभवाने सांगते.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी चार सूचना ठेवते. पहिली, नावांची घडी उघडण्याआधी सह्या आणि चिठ्ठ्या यांचा मेळ घालावा, मेळ बसेपर्यंत पुढे जाऊ नये. दुसरी, निकालानंतर चिठ्ठ्या ४५ दिवस बंद डब्यात ठेवाव्यात. निवडणूक याचिकेला कायद्यानेही तेवढेच दिवस दिले आहेत. तिसरी, अंतर पाच मतांहून कमी असेल तर कोणी मागण्याची वाट न पाहता आपणच दुसऱ्यांदा मोजावे, आणि मोजणाऱ्या दुसऱ्या असाव्यात. चौथी, चिवडा मोजणीनंतर वाटावा!

आणि पाचवी सूचना कार्यकारिणीसाठी नाही, तुम्हा सर्वजणींसाठी आहे. मतदान केंद्रांवर आणि मोजणीच्या टेबलांपाशी उमेदवारांचे प्रतिनिधी बसतात त्यांत बायका फार थोड्या दिसतात. आपल्या लेकीसुनांना तिथे पाठवा. तुमचा पक्ष कुठलाही असो. केंद्र बंद होताना किती मते पडली त्याचा सही केलेला हिशेब तिथल्या प्रतिनिधींना मिळतो, तो नीट घेऊन ठेवायला शिकवा. डाळ-तांदळाचा हिशेब ठेवणारीला तो जड जाणार नाही.

माझी चूक मी सांगितली. ज्यांनी तेव्हा माझ्याकडे पुन्हा मोजणी मागितली, त्यांना तेव्हा द्यायचे उत्तर आज देते. “हो बाई, मोजू या. तुम्ही इथे माझ्याजवळ बसा.”